पहिला घास दुसऱ्याचा

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका संशयी माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि असलाच, तर आमच्या दाजींना त्याचाही संशय केव्हाच येऊन गेला असेल. माणूस तसा सोन्यासारखा. धर्मापुरीत जुन्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भुसाराचं दुकान, कपाळावर रोज भस्माचे पट्टे, तोंडात शिवी नाही, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण देवळातलं तीर्थही ते आधी दुसऱ्याला घेताना बघतात, तो माणूस पायऱ्या उतरून नीट चालत गेला की मग हात पुढे करतात. "देवावर संशय न्हाई, वयनी," ते मला एकदा म्हणाले, "पर तीर्थ वाढाया देव थोडाच येतो?"

मी स्वतः यादी केल्याशिवाय बाजारात पाऊल टाकत नाही. त्यामुळे तपासून बघणाऱ्या माणसांबद्दल मला मुळात आदर आहे. फरक इतकाच की मी एकदा तपासते आणि पुढच्या कामाला लागते. दाजींचं काम तपासण्यापाशीच मुक्कामाला असतं. परळीच्या स्टँडवर गाडीची पाटी ते स्वतः वाचतात, मग चौकशीच्या खिडकीत विचारतात, मग खिडकीतल्या माणसाबद्दल चहावाल्याकडे विचारतात, कंडक्टरला विचारून आत चढतात आणि जागा मिळाली की शेजाऱ्याला म्हणतात, "ही धर्मापुरीलाच जाती ना?" एकदा शेजारी वैतागला. "कावून? म्होरं पाटी हाय की." दाजी त्याच्याकडे दयेनं बघत म्हणाले, "पाटी बदलाया कितीक वेळ लागतो?" पुढच्या थांब्यावर त्या शेजाऱ्यानंच खाली उतरून पाटी बघितली. संशय हा असा लागट असतो. ताप आला तर दाजी गोळी अर्धीच घेतात, कारण पूर्ण गोळी घेतली तर कशानं काय झालं ते कळणार कसं. आणि उरलेली अर्धी पुरावा म्हणून बंडीच्या खिशात ठेवतात. आक्का, म्हणजे माझ्या नणंद, कपडे धुताना बंडीच्या खिशातून असे भिजून विरघळलेले पुरावे खरवडून काढत असतात.

परळीच्या बाजारात त्यांचे एक फळवाले दोस्त आहेत. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. दोस्ती इतकी जुनी की दोघांची मुलं एकमेकांच्या लग्नात वाढपी होती. पण कलिंगड घ्यायचं तर दाजी ते वाजवणार, उन्हात धरणार, कापायला लावणार आणि पहिली फोड चाचांनाच खायला लावणार. "सेठ, अशानं माझं पोट भरंल, तुझी पिशवी न्हाई," चाचा म्हणायचे. दाजींच्या पिशवीत घरचं वजनाचं माप असायचं. त्यांनी तागडी तपासली की चाचा आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचे, "बगा, सरकारी तपासणी झाली! आता बिनघोर घ्या!" त्या दिवशी त्यांचा माल लवकर खपायचा म्हणे.

पण दाजींचा मुख्य कायदा खाण्याचा. ज्यानं वाढलं त्यानं दाजींच्या ताटातला पहिला घास खायचा. घरी हे काम आक्कांचं. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या ताटातला पहिला घास खात आल्या आहेत, आणि भावकीतल्या नव्या सुनांना वाटतं, केवढं हे प्रेम! लग्नकार्यात वाढपी घास खात नाहीत, म्हणून तिथे दाजी शेवटच्या क्षणी शेजाऱ्याच्या ताटाशी आपलं ताट बदलतात. एकदा नवरदेवाच्या मामाचं ताट बदललं गेलं. मामांच्या ताटात बुंदी जास्त होती, ती दाजींकडे आली, आणि सगळा मांडव दाजींकडेच संशयानं बघायला लागला. आमच्या घरी आले की पहिला घास माझा. मी लग्न होऊन वडगावला, म्हणजे आमच्या युसूफ वडगावला आले, तेव्हा मला याचा राग यायचा. पुढे मी तो घासही स्वयंपाकाच्या कामातच धरला. भाजी चिरणे, फोडणी देणे, दाजींचा घास खाणे.

दाजींचा संशय एकाच पदार्थापुढे ढिला पडायचा, तो म्हणजे पुरण. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं असतं, आणि जावयानं साठी ओलांडली म्हणून जावईपण संपत नाही. मागच्या अधिकात आम्ही दाजी आणि आक्कांना बोलावलं. पुरण भरून वाफवलेले धोंडे, त्यावर घरचं तूप, शेजारी अनारसे, कटाची आमटी. मी पहिल्या धोंड्याचा घास खाल्ला, दाजींनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि मग जे सुरू झाले ते थांबेचनात. तूप वाढायला मी वाकले की ते "बास, बास" म्हणायचे आणि हात मात्र आडवा घालायचे नाहीत.

दुपार कलायच्या आत दाजी ओसरीवर उठून बसले. पोटात वरच्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, कुणी सळई खुपसून पाठीतून बाहेर काढावी तशी कळ. आडवं पडवेना, पुढे वाकून बसलं तर जरा बरं वाटे. मग उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या मावशी धावत आल्या आणि त्यांनी बघताक्षणी निदान केलं, "बेंबी सरकली." बेंबी जागेवर आणायचा आमच्याकडचा उपाय म्हणजे पोटावर दिवा लावून त्यावर तांब्या उपडा घालायचा आणि मग पोट चोळायचं. मावशींनी तांब्या आणलासुद्धा. वेदनेनं घामाघूम झालेले दाजी म्हणाले, "तांब्या कुणाचा हाय?" मावशी म्हणाल्या, "माजाच की!" "मंग ठिवा तिकडं." असं करून पोट चोळून घेणं टळलं. सुजलेलं पोट तसं चोळलं असतं तर काय झालं असतं, ते पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मावशींनी तो तांब्या वापरणंच बंद केलं.

पण त्याच वेळी, ओसरीवर सगळं घर, मावशी, घराला लागून असलेल्या आमच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं जमलेली असताना दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वयनी, तूप कुठलं व्हतं?"

बस्स, इतकंच. माझे यजमान जमिनीकडे बघायला लागले. आक्कांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. ज्या बाईनं आयुष्यभर नवऱ्याचा संशय हसण्यावारी नेला, तिनंही त्या एका क्षणी मनात तूप हुंगून बघितलं असणार, हे मला स्पष्ट दिसलं. मला जे लागलं ते दाजींचं बोलणं नव्हे, आक्कांचं ते हुंगणं. वडगावासारख्या गावात बाईच्या हाताला एकदा असा डाग लागला की तिच्या घरचं हळदीकुंकवाचं दूधही लोक ओठाला लावून खाली ठेवतात. पण रडायला वेळ नव्हता. मी गाडी मागवली, दाजींची आधीची कागदं, टॉवेल, पाण्याची बाटली, आक्कांची चप्पल असं सगळं आठवून आठवून गोळा केलं आणि आम्ही अंबाजोगाईला दवाखान्यात पोहोचलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण पक्क्या. पोट तपासून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दारू घेता का?" दाजी त्या अवस्थेतही ताठ झाले. "कुणी सांगितलं तुमाला?" बाई म्हणाल्या, "कुणी नाही. या दुखण्यात हे विचारावंच लागतं." दाजींनी एक एक करून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली आणि बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं: स्वादुपिंडाला सूज आली आहे. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून बसलेला हा अवयव, अन्न पचवणारे रस तयार करणारा. त्याची नळी आणि पित्ताची नळी शेवटी एकाच तोंडाशी मिळतात. दाजींच्या पित्ताशयात खडे आहेत. त्यातला एक घसरून त्या तोंडाशी अडकला असणार. मग रस बाहेर पडायला वाट नाही, तो आतच कामाला लागतो आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला सुरुवात करतं.

दाजींची कळ क्षणभर थांबल्यासारखी वाटली. डोळे चमकले. "म्हंजी आतलाच माणूस!" ते म्हणाले. "मी काय म्हणत व्हतो? मागं दडून बसलंय, कुणाला दिसत न्हाई, अन् घरालाच खातंय!" उभ्या आयुष्यात पहिल्यांदा एका डॉक्टरनं त्यांच्या संशयाला शास्त्राचा आधार दिला होता. त्या दिवसापासून ते स्वादुपिंडाचा उल्लेख "तो मागचा" असाच करतात.

बाईंनी हेही सांगितलं की खडे काही एका जेवणात होत नाहीत, वर्षानुवर्षं साठत आलेले असतात. जड जेवणानं पित्ताशय आवळलं आणि खडा सरकला, एवढंच. दाजींनी त्यातलं "जड जेवण" नेमकं उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

उपचार म्हणजे शिरेतून भरपूर सलाईन, वेदनेवर इंजेक्शन, आणि लघवी, ताप, श्वास यांच्यावर नजर. सूज जास्त वाढली तर प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं, हे बाईंनी आक्का नसताना मला बाजूला घेऊन सांगितलं. "त्या मागच्याला औषध कोणतं?" दाजींनी विचारलं. "त्याच्यासाठी वेगळं औषध नाही, आजोबा. त्याला आधार द्यायचा आणि शांत होऊ द्यायचं." "औषधच न्हाई तर दवाखाना कावून?" मी सलाईनच्या बाटलीवरची तारीख त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा हात पुढे आला. उलट्या थांबेपर्यंत तोंडानं काहीही द्यायचं नाही, अशी ताकीद होती.

आणि इथे दाजींचं नशीब उघडलं. आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हातानं भेटायला जात नाहीत. धर्मापुरीहून, वडगावाहून, केजहून माणसं आली. कुणाकडे शहाळं, कुणाकडे मोसंबीचा रस, कुणाकडे थर्मासमध्ये चहा. "उपाशी माणूस बरा व्हतो का कुठं? एक घोट घ्या, डाक्टरला काय कळतंय." शेजारच्या खाटेवर याच दुखण्याचा एक तरणा गडी होता. त्याच्या मेव्हण्यानं चादरीआडून त्याला चहा-बिस्किट चारलं आणि थोड्याच वेळात तो गडी खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन ओरडायला लागला. दाजींनी ते डोळ्यांनी बघितलं. त्यानंतर शहाळं घेऊन आलेल्या सख्ख्या चुलतभावाला ते म्हणाले, "तू कवापासून माज्यासाठी शाळं आणाया लागलास? काय पायजे तुला?" ओठ घट्ट. नर्सताई म्हणाल्या, "असा पेशंट बघितला नाही. पाण्याचा थेंब घेतला नाही तोंडात." मी म्हटलं, ते सांगण्यावरून नाही, स्वभावावरून आहे.

तिसऱ्या दिवशी कळ उतरली, उलट्या थांबल्या. डॉक्टरीणबाई हसत आल्या. "चला आजोबा, आता खायला सुरुवात. मऊ, बिनतुपाचं, थोडं थोडं." गाडीची पाटी डोळ्यांसमोर बदलावी तसं दाजींनी बाईंकडे बघितलं. "परवा म्हणल्या खाऊ नका. आज म्हणत्यात खावा. एकाच तोंडानं." बाईंनी शांतपणे सांगितलं की आतडं रिकामं राहिलं तर नवीन दुखणी उठतात, शरीराला भरून यायला अन्न लागतं, नाहीच खाल्लं तर नाकातून नळी घालावी लागेल. दवाखान्यातली पेज आली, परत गेली. आक्कांनी मऊ भात कालवून आणला, स्वतः पहिला घास खाल्ला. "कुणाच्या चुलीवरचा?" "माज्या भावाच्या घरचा." दाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आक्का बाहेर येऊन पॅसेजमध्ये बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. त्यांच्या शेजारी मी बसले होते. आम्हा दोघींमध्ये एका माणसाची जागा मोकळी होती.

संध्याकाळी चाचा आले. हातात काहीही नव्हतं. फळवाला माणूस, पण मोकळे हात हलवत आला आणि खाटेवर बसला. "ह्या वार्डात मीच एक शाणा हाय," म्हणाले. मग दाजींकडे वळले. "काय बे, ऐकतोय ते खरं हाय? त्या पोरीनं तुला काय घातलं म्हणतोस?"

"मी कुठं तसं म्हणलं."

"तुजं म्हणणं तुज्या थोबाडावर लिवलेलं असतंय. जिला काय घालायचं असंल ती पहिला घास स्वता खाईल का बे? तुजाच कायदा हाय ना?"

दाजींनी चादरीची सुरकुती सारखी केली. मग हळूच म्हणाले, "पहिला घास पहिल्या धोंड्याचा व्हता. म्होरच्या धोंड्यांचं कोण बगितलं?"

चाचांनी कपाळावर हात मारला. "आता हर धोंड्याला साक्षीदार आणू का रे?"

मला हसू आलं. आणि तेवढ्यातच राग कुठे गेला ते कळलं नाही. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याच्या कायद्यानंच चालायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुगाची पातळ खिचडी केली, हिंग-हळदीची, तुपाचा थेंब नाही. एक वाटी, दोन चमचे घेतले. दाजींच्या समोर स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "एक चमचा माझा, एक तुमचा. प्रत्येक चमच्याला साक्षीदार." मी खाल्ला. त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं, गिळला की नाही ते. मग आपला चमचा उचलला. मी. ते. मी. ते. पाणचट खिचडी, तीही दवाखान्याच्या वासात. पण मी हूं की चूं न करता खात राहिले. अर्धी वाटी संपल्यावर माझ्या लक्षात आलं की ते आता माझ्या गळ्याकडे बघत नव्हते. प्रत्येक घासाआधी त्यांचा दुसरा हात पोटावर, बरगड्यांखाली जात होता. इतक्या वर्षांत मी या माणसाला संशयी म्हणून ओळखत होते. तो घाबरलेला आहे हे मला त्या पोटावरच्या हातानं सांगितलं.

"वयनी," ते अगदी हळू म्हणाले, "तो मागचा परत आसंच करंल का?"

"खडे तसेच ठेवले तर करेल. बाई म्हणतात, घरी जायच्या आधी पित्ताची पिशवी काढून टाकावी. दुर्बिणीनं काढतात."

"तुमी काय म्हणता?"

दाजींनी कुणाला असं विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "काढून टाका."

"बरं," ते म्हणाले, आणि वाटीतला शेवटचा चमचा माझी वाट न बघता खाल्ला.

नंतर त्यांनी नर्सताईंना, झाडूवाल्याला आणि शेजारच्या खाटेवरच्या गड्यालाही विचारून घेतलं, ते सोडा. शिवाय अट घातलीच, की निघालेले खडे आपल्या हातात पाहिजेत. ते दुसऱ्याच कुणाचे नाहीत हे कशावरून, हा प्रश्न मात्र त्यांना भूल चढेपर्यंत पुरला. ऑपरेशन व्यवस्थित झालं. खडे एका छोट्या बाटलीत मिळाले, हिरवट-काळे, तुरीच्या दाण्यांएवढे. चाचांनी बाटली उजेडात धरून हलवली. "भुसारवाल्याच्या पोटात आनखी काय निघणार! भाव काय लावू?"

टाके सुकल्यावर एके दिवशी दाजी न कळवता वडगावला आले. ओसरीवर बसले. शेजारच्या मावशींना हाक मारून बोलावलं, दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही आत या म्हणाले. सगळे जमल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून ती बाटली काढून मधोमध ठेवली. सगळ्यांना नीट दिसेल अशी फिरवली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तूप चांगलं व्हतं." आणि चहा मागितला. आक्का माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आल्या, उगाच कपबश्या मांडायला लागल्या, मांडलेल्याच परत मांडल्या, आणि माझ्या हाताला धरून उभ्या राहिल्या.

परवा पुन्हा अधिक महिना आला. दाजी आता थकलेत. दुखणं गेलं, पण जाताना त्यांच्यातलं काहीतरी घेऊन गेलं. गोळ्या देतील त्या पूर्ण घेतात. मध्यंतरी अंबाजोगाईच्या स्टँडवरून धर्मापुरीला म्हणून निघाले आणि थेट गेवराईला जाऊन उतरले. तिथून उमापूरचे पाहुणे त्यांना घरी घेऊन गेले. "कुणी म्हणलं बसा, बसलो," असं हसत सांगतात. चाचा मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "येतो, जे देईन ते घेतो अन् जातो. कापून बगत न्हाई, माप काढत न्हाई. गाडा सुना सुना वाटतोय."

मी मोजकेच धोंडे केले, तूप बेतानं. ताट दाजींसमोर ठेवलं आणि नेहमीप्रमाणे घास मोडायला वाकले, तर दाजींनी स्वतःच घास मोडून तोंडाशी नेला होता. माझ्याकडे बघितलंही नाही. मी वाकलेलीच राहिले. इतक्या वर्षांचा माझा घास, तो असा निघून गेला.

मी म्हटलं, "दाजी, तूप या वेळी नवीन डेअरीतलं आहे बरं का."

त्यांचा हात थांबला. घास परत ताटात आला. चष्मा नाकावर खाली सरकवून त्यांनी ताट जरा उजेडाकडे ओढलं, धोंड्याचं तूप बोटानं पुसून हुंगलं, आणि डोळ्यांत ती जुनी चमक हळूहळू परत आली.

"नवी डेअरी? कुणाची? कवा निघाली?" त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "आदी तुमी घ्या, वयनी."

मी घास घेतला. त्यांनी माझ्या गळ्याकडे टक लावून बघितलं. मी सावकाश गिळला.

तूप घरचंच होतं.